कित्ता आणि कुंचला

थोर चित्रकाराचे चित्र समोर ठेवून त्यावरून चित्र काढणे याला आपल्याकडे नक्कल म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना थोडे नाकही मुरडले जाते. गाण्याच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. शिष्या गुरूसमोर बसून एकच तान शंभर वेळा घोटते, कित्येक वर्षे तिचा गळा गुरूच्याच वळणाने फिरतो, आणि आपण कौतुकाने म्हणतो, "तालीम चांगली झाली आहे." अक्षराचेही तेच. कित्ता गिरवल्यावाचून कोणाचे अक्षर वळणदार झाले आहे? पण पुढे प्रत्येकाचे अक्षर निराळे होते, इतके की पाकिटावरचा पत्ता पाहूनच पत्र कोणाचे ते ओळखू येते. मग चित्रकलेलाच वेगळा न्याय का?

आमच्या मंडळाच्या चित्रकला वर्गात हा प्रश्न वारंवार निघतो. संसारातून थोडी सवड झाल्यावर, पन्नाशीच्या पुढे ज्यांनी कुंचला हाती धरला अशा भगिनी वर्गात आहेत. "आम्ही दुसऱ्याचे पाहून काढतो, मग त्यात आमचे असे काय?" असे त्या विचारतात. काही जणी तर एवढ्या एका शंकेने रंगपेटी मिटवून ठेवतात, आणि याचे मला फार वाईट वाटते. म्हणून इतिहासातील चार उदाहरणे येथे मांडीत आहे. चारही स्त्रियांची आहेत. त्याला कारण आहे. चित्रकलेच्या पाठशाळेचे दार स्त्रियांना पुष्कळ काळ बंद होते. थोरांची चित्रे हीच त्यांची पाठशाळा होती.

पहिली गोष्ट पॅरिसची. तेथील लूव्र हा राजवाडा 1793 साली सर्वांसाठी संग्रहालय म्हणून उघडला, आणि प्रारंभापासूनच तेथे चित्रकारांना मूळ चित्रासमोर घोडा मांडून प्रती करण्याची मुभा होती. फ्रान्सची सर्वांत मोठी सरकारी चित्रशाळा, एकोल दे बोझार, हीही त्याच शहरात होती. तेथे मात्र 1897 सालापर्यंत मुलींना प्रवेश नव्हता. मुलींनी शिकायचे ते खाजगी शिक्षकाकडे आणि लूव्रमध्ये.

बेर्थ मोरिझो ही अशीच एका सुखवस्तू सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. तिचा जन्म 1841 चा. ती आणि तिची थोरली बहीण एडमा या दोघींना चित्रकलेचा नाद लागला. त्यांचे शिक्षक गिशार यांनी मुलींच्या आईला आधीच बजावले होते की, या मुलींचे गुण पाहता त्या केवळ हौशी राहणार नाहीत, खऱ्याच चित्रकार होतील, आणि तुमच्या प्रतिष्ठित वर्तुळात हे एक संकटच ठरेल. आईने हे ऐकूनही शिक्षण थांबवले नाही, हे त्या माउलीचे मोठेपण. 1858 साली बेर्थचे नाव लूव्रमधील प्रती करणारांच्या वहीत नोंदले गेले. सोबतीला आई बसलेली असे, आणि बेर्थ व्हेरोनेझ या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रे उतरवीत असे. पुढे उघड्यावर बसून निसर्गचित्रे काढण्याची ओढ लागल्यावर ती कोरो या चित्रकाराकडे शिकली. तेथेही प्रथम त्याच्या चित्रांच्या प्रती करणे आलेच.

1868 साली लूव्रमध्येच फांतां-लातूर या चित्रकाराने तिची एदुआर मानेशी ओळख करून दिली. माने त्या वेळचा मोठा, बंडखोर आणि वादग्रस्त चित्रकार. बेर्थला त्याच्याविषयी अतिशय आदर. आणि येथेच एक प्रसंग घडला, जो कोणाही शिकणाऱ्या व्यक्तीने लक्षात ठेवावा. 1870 च्या सरकारी प्रदर्शनासाठी तिने आपली आई आणि बहीण यांचे मोठे चित्र केले होते. त्याविषयी तिच्या मनात शंका होत्या, म्हणून तिने मानेचे मत विचारले. माने आला, चांगले आहे म्हणाला, फक्त झग्याच्या काठाशी थोडी दुरुस्ती हवी म्हणून त्याने तिच्या हातचा कुंचला घेतला. एकदा घेतला तो ठेवीना. काठावरून तो वर गेला, छातीपर्यंत आला, मग मस्तकाकडे वळला. चित्र न्यायला गाडी दारात उभी होती. ते तसेच गेले. बेर्थ इतकी कष्टी झाली की, हे चित्र नाकारलेच जावे असे तिला वाटू लागले. ते नाकारले गेले नाही. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे, आणि आईच्या काळ्या पोशाखातील मानेचा ठसठशीत हात जाणकारांना ओळखू येतो.

ज्याला आपण मानतो तोच आपल्या चित्रावर असा चढून बसू शकतो, हे यातून दिसते. बेर्थने त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिने मानेशी वैर धरले नाही. त्याच्याविषयीचा आदरही सोडला नाही. 1874 साली तर त्याच्या धाकट्या भावाशीच तिने लग्न केले. पण त्याच वर्षी, पुढे इंप्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळींनी सरकारी प्रदर्शनाला बगल देऊन आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा माने त्यात उतरला नाही आणि बेर्थ उतरली. त्या प्रदर्शनात भाग घेणारी ती एकटीच स्त्री. तेथे तिने 'पाळणा' हे 1872 साली केलेले चित्र मांडले. एडमा आपल्या तान्ह्या मुलीच्या पाळण्याशी बसली आहे, गालावर हात टेकला आहे, पाळण्यावर जाळीदार पडदा आहे आणि त्यातून झोपलेले मूल अस्पष्ट दिसते आहे. एवढेच चित्र. या एडमाने लग्नानंतर चित्रकला जवळजवळ सोडूनच दिली होती, हे ठाऊक असले म्हणजे ते पाहताना मन थोडे थांबते. या पातळ पडद्याचा पांढरा रंग व्हेरोनेझकडून आलेला नाही, कोरोकडून नाही आणि मानेकडूनही नाही. मात्र वर्षानुवर्षे त्या तिघांची चित्रे निरखल्यावाचून तो रंगवण्याचे बळ त्या हाताला आले असते, असे मला वाटत नाही.

एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. नाव झाल्यावर बेर्थने प्रती करणे सोडले असेल असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. 1892 साली, पन्नाशी उलटल्यावर, तिने तूर गावच्या संग्रहालयात बूशे या अठराव्या शतकातील चित्रकाराच्या एका चित्राचा भाग समोर बसून उतरवला. 1895 साली ती वारली. पॅरिसमधील पासीच्या दफनभूमीत तिच्या नावाखाली एवढेच कोरले आहे की, ही एजेन मानेची विधवा. चित्रकार हा शब्द तेथे नाही.

दुसरी मेरी कॅसॅट. ही अमेरिकन, 1844 साली जन्मलेली. हिनेही पॅरिसला येऊन लूव्रमध्ये प्रती केल्या. पुढे पिट्सबर्गच्या बिशपने कोरेज्जिओ या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करून मागितल्या, तेव्हा 1872 च्या सुमारास ती इटलीत पार्मा येथे जाऊन राहिली. कोरेज्जिओची माता मेरी आणि बाळ येशू यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. पुढील आयुष्यात कॅसॅटने आई आणि मूल हाच विषय आपला केला, पण तिच्या चित्रांतील आई ही देवता नाही. ती परातीत मुलाचे पाय धुणारी, पेंगुळलेल्या मुलाला कडेवर घेणारी साधी बाई आहे.

तिचे दुसरे आदराचे स्थान देगा. एका दुकानाच्या काचेआड त्याची खडूने रंगवलेली चित्रे टांगलेली असत, आणि ती काचेला नाक लावून ती पाहत राही, असे तिनेच उतारवयात सांगितले आहे. पण तिच्या अभ्यासाचे सर्वांत बोलके उदाहरण जपानी चित्रांचे. 1890 च्या वसंत ऋतूत पॅरिसमध्ये जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. शेकडो चित्रे होती. कॅसॅट ते पाहून वेडावून गेली, आणि तिने बेर्थ मोरिझोला पत्र पाठवून प्रदर्शन चुकवू नकोस म्हणून आग्रहाने कळवले. गंमत अशी की, ते प्रदर्शन भरले होते एकोल दे बोझारमध्येच. ज्या इमारतीत स्त्रियांना विद्यार्थिनी म्हणून जाता येत नव्हते, त्याच इमारतीत या दोघी प्रेक्षक म्हणून जाऊन नवा धडा घेऊन आल्या.

त्यानंतर कॅसॅटने दहा रंगीत चित्रांचा संच छापला आणि 1891 साली तो प्रदर्शनात मांडला. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती. जपानी चित्रकारांकडून तिने सपाट रंग घेतले, सावलीवाचून केवळ रेघेने आकार दाखवण्याची रीत घेतली, कापडावरील आणि भिंतीवरील नक्षीचा उपयोग घेतला. पण लाकडाचा ठसा घेतला नाही. तिने तांब्याचे पत्रे वापरले, सुईने रेघ ओरखडली, राळेची पूड आणि आम्ल वापरून रंगाचे सपाट पट्टे उठवले. आणि विषय? पाकिटाला जीभ लावून ते चिकटवणारी बाई, शिंपिणीकडून झगा बेतून घेणारी बाई, मुलाच्या अंघोळीच्या पाण्यात हात घालून ऊन किती ते पाहणारी आई. जपानी चित्रातील गणिका आणि नट यांतले कोणी तेथे नाही. थोरांपासून घ्यायचे काय आणि तेथेच ठेवून यायचे काय, याचा इतका स्पष्ट हिशेब मला दुसरीकडे आढळलेला नाही.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचते. अजिंठ्याची लेणी 1819 साली इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्यानंतर तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे तीन मोठे उद्योग झाले. पहिला मेजर रॉबर्ट गिल यांचा. त्यांच्या बहुतेक प्रती 1866 साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. दुसरा 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांचा. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार होते. त्यांच्याही पुष्कळ प्रती 1885 साली लंडनमधील संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. तिसरा उद्योग एका स्त्रीचा, लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा.

या बाई मूळच्या प्रती करणाऱ्याच. तैलरंग येण्यापूर्वी इटलीत अंड्याच्या बलकात रंग खलून चित्रे रंगवीत. ती विद्या लोपली होती. चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या चित्रकाराचा त्यावरील ग्रंथ बाईंनी इंग्रजीत आणला आणि 1899 साली प्रसिद्ध केला. त्यातील कृती खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्या स्वतः रंग खलून जुन्या चित्रांच्या प्रती करीत. अशी पूर्वतयारी झालेली ही बाई 1909-10 आणि 1910-11 असे दोन हिवाळे अजिंठ्याला राहुट्या ठोकून राहिली. वय पन्नाशीच्या पुढचे. लेण्यांत अंधार, धूर आणि वटवाघळांची घाण, आणि आधीच्या काळी दिलेल्या व्हार्निशने काळवंडलेली चित्रे. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण, तसेच हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मोहमद फजलुद्दीन आले. प्रतींचे पुस्तक 1915 साली लंडनमध्ये निघाले, पण बाईंना त्याचे सुख लाभले नाही. 1911 साली त्यांच्या मनाचा तोल गेला, आणि 1929 साली मृत्यू येईपर्यंतचे दिवस त्यांना इस्पितळात काढावे लागले.

त्यांच्या कष्टांचे फळ इतरांना मिळाले. सत्तावीस वर्षांच्या नंदलाल बोसांनी त्या गुहांत जी रेघ गिरवली, ती त्यांना जन्मभर पुरली. 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी जी चित्रे केली, त्यांत शिंपी, सुतार, ढोलकीवाला, दळणकांडण करणाऱ्या बाया अशी खेड्यातील माणसे आहेत. त्यांत अजिंठ्याचा एकही राजपुत्र नाही, पण वळणाची ती एका दमाची रेघ कोठून आली हे सांगावे लागत नाही.

चौथी अमृता शेरगिल. हिचा जन्म 1913 सालचा, बुडापेस्टचा; वडील पंजाबचे शीख सरदार, आई हंगेरियन. 1929 साली ती पॅरिसला गेली आणि पुढच्या वर्षी एकोल दे बोझारमध्ये दाखल झाली. ज्या शाळेचे दार बेर्थला आणि मेरीला बंद होते, त्याच शाळेत हिंदुस्थानातून आलेली सतरा वर्षांची मुलगी सरळ आत गेली. मधल्या पिढ्यांतील स्त्रियांनी हे दार ठोठावून उघडले होते, हे आपण विसरू नये. 1932 सालच्या 'तरुण मुली' या चित्राबद्दल तिला पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळाले. तिची श्रद्धास्थाने सेझान आणि गोगँ. 1934 साली तिने स्वतःचे चित्र गोगँच्या ताहिती बेटावरील स्त्रीच्या रूपात रंगवले, म्हणजे आपण कोणाचा कित्ता गिरवतो आहोत हे तिने उघडच सांगून टाकले.

पण पॅरिसच्या संग्रहालयात पौर्वात्य शिल्पे पाहताना, आणि अजिंठ्याविषयी वाचताना, तिला आपल्या देशाची ओढ लागली. गोगँने दूरच्या बेटावर जाऊन जे शोधले ते आपल्या तर घरीच आहे, असे तिला वाटले असावे. 1934 अखेर ती परतली. 1936 साली मुंबईत तिचे प्रदर्शन झाले. कार्ल खंडालावाला या कायदेपंडित रसिकाने तिला आपल्याजवळची राजपूत आणि पहाडी लघुचित्रे दाखवली. तेथून ती अजिंठा आणि वेरूळ पाहण्यास गेली, पुढे दक्षिणेत उतरली आणि कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे तिने रेखाटून घेतली.

या प्रवासाचे फळ म्हणजे 1937 सालची तीन मोठी चित्रे: 'नववधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिणेतील खेडूत'. 'ब्रह्मचारी' या चित्रात सावळ्या अंगाचे, शुभ्र धोतर नेसलेले पाच तरुण शांत बसलेले आहेत. अजिंठ्याचा मातकट तांबडा रंग आहे, देहांची ती भरदार स्तब्धता आहे, आकृती एकमेकींशी बांधण्याची सेझानची शिस्तही आहे. पण अजिंठ्याचा मुकुट नाही, अर्धोन्मीलित डोळे नाहीत, निमुळती बोटे नाहीत. बंगाली पद्धतीच्या चित्रकारांवर तिचा आक्षेप हाच होता की, त्यांनी अजिंठ्याचे बाह्य रूप उचलले, आतला जोर उचलला नाही. नंदलालांची खेड्यातील माणसे आठवली म्हणजे हा आक्षेप मला कठोर वाटतो. परंतु त्यांचे अनुकरण करणारांच्या पुष्कळ चित्रांना तो लागू पडतो, हेही खरे. पुढे गोरखपूरजवळच्या सराया गावी राहताना तिने लघुचित्रांचा अभ्यास वाढवला, आणि घरातील बायका, झोपाळा, हळद दळणाऱ्या स्त्रिया असे विषय धगधगीत रंगांत रंगवले. 5 डिसेंबर 1941 रोजी लाहोरला ती वारली, तेव्हा तिचे वय अवघे अठ्ठावीस होते.

या चौघींकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट माझ्या मनात पक्की होते. त्यांतील एकीनेही थोरांचे पाहून काढण्यात कमीपणा मानला नाही, आणि एकीनेही तेथेच मुक्काम ठोकला नाही. थोर चित्रकाराने त्यांना विषय पुरवला नाही. पाहावे कसे हे शिकवले. पाहायला मात्र त्या आपल्याच घराकडे वळल्या. बेर्थ बहिणीच्या पाळण्याकडे, मेरी अंघोळीच्या परातीकडे, अमृता हळदीच्या जात्याकडे. हेरिंगहॅमबाईंनी तर जे पाहिले ते पुढच्या पिढीच्या हाती देऊन टाकले.

आपल्या वर्गातील भगिनींना म्हणूनच माझे सांगणे एवढेच. कित्ता खुशाल गिरवा, पण डोळसपणे गिरवा. आवडत्या चित्रासमोर बसल्यावर आधी स्वतःला विचारा की, मला यात नेमके काय आवडले. रंग, रेघ, रचना, की केवळ विषय? जे आवडले तेवढेच त्या दिवशी उतरवा. हल्ली मोठमोठ्या संग्रहालयांतील चित्रे मोबाइलवर दिसतात, ही सोय फार मोठी आहे, पण बोटभर पडद्यावर कुंचल्याचा फटकारा कळत नाही. दिल्लीस जाणे झाले तर जयपूर हाउसमधील राष्ट्रीय संग्रहात अमृताची चित्रे प्रत्यक्ष पाहावीत. आणि अजिंठा तर आपल्याच राज्यात आहे. लूव्रमध्ये आजही परवाना घेऊन प्रती करता येतात, मात्र प्रतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. हा नियम आपणही पाळावा. चित्राखाली "अमुक चित्रकाराच्या चित्रावरून" असे प्रांजळपणे लिहावे. त्यात लाज नाही, उलट गुरूचे नाव घेतल्याचे पुण्य आहे.

आणि मग एक दिवस ते चित्र बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसावे. तेथे सकाळचे ऊन पितळी पातेल्यावर कसे पडते ते आपल्याखेरीज कोणी रोज पाहिलेले नाही. मंडळाच्या पुढील वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात एका भिंतीवर गिरवलेले कित्ते आणि समोरच्या भिंतीवर अशी खिडक्यांशी काढलेली चित्रे लागावीत, अशी माझी इच्छा आहे. मिटवून ठेवलेल्या रंगपेट्या तोवर उघडाव्यात, एवढीच सर्व भगिनींना विनंती.